पाचवी गोळी

जानेवारीच्या अखेरीस ट्रिना हॉगन कचेरीमागच्या बर्फावरून घसरली. तिला स्वतःला काही झालं नाही, पण पाठीवरची बंदूक अंगाखाली आली आणि मूठ धरतात त्या जागी तिचा दस्ता उभा चिरला. नळी शाबूत, दुर्बीण शाबूत, दस्ता तेवढा गेला. ट्रिनाने तिथेच बर्फात बसून चिरेवरून अंगठा फिरवला आणि मनातल्या मनात म्हणाली, बरं झालं.

तो दस्ता तिला कधी बसलाच नव्हता. सहा फुटी पुरुषाच्या मापाने घडवलेला. तिची उंची पाच फूट तीन. हिवाळ्याचा कोट आणि त्यावर छातीचं चिलखत चढवलं की दस्ता इतका लांब पडायचा की मान ताणून, हनुवटी वर करून दुर्बिणीत बघावं लागे. अकरा वर्षं तिने तशीच मान ताणली होती. पूर्व मोंटानातल्या त्या उजाड काउंटीत शेरीफच्या हाताखाली डेप्युटी चौदा, आणि त्यांत लांबचा नेम धरणारे दोनच: एक डेनी आणि एक ट्रिना. या अकरा वर्षांत तिला सात वेळा बंदुकीमागे पालथं झोपून नेम धरावा लागला होता, पण माणसावर गोळी झाडायची वेळ एकदाही आली नव्हती. दर रविवारी चर्चमध्ये ती याबद्दल न चुकता आभार मानायची.

शेरीफ डुएन ओस्टबीने चिरलेला दस्ता पाहिला आणि एका वाक्यात विषय संपवला. आता लाकूड नको, फायबर नको, अ‍ॅल्युमिनियमची चॅसी घ्यायची. शेजारच्या काउंटीतला नेमबाज स्पर्धेत वापरतो ती, जड, राखाडी. ट्रिना म्हणाली, आधी दोन-तीन हाताळून बघते. ओस्टबी म्हणाला, बघ, पण लवकर बघ.

चॅसी म्हणजे बंदुकीचा धातूचा सांगाडा. दुकानात गेलं की चकचकीत वाटते, पण काम साधं आहे. बंदुकीचा लोखंडी भाग तिच्यातल्या खोबणीत दोन स्क्रूंनी आवळून बसवायचा, आणि पुढची नळी कशालाही न टेकता मोकळी राहू द्यायची. लाकूड ओल पितं, फुगतं, नळीला कोपरखळी मारतं, आणि कालचा नेम आज राहत नाही. धातूला ती खोड नाही. पण प्रत्येक चॅसीची मूठ निराळी, लांबी निराळी, वजन निराळं, आणि प्रत्येकीत बंदूक थोडी निराळी वागते. म्हणून निवडायची तर अंगाला लावून, गोळ्या झाडूनच निवडावी लागते.

हे सगळं तिला समजावणारा माणूस म्हणजे ऑझी क्रांट्झ. चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात लेथ यंत्रावर काढली, आणि आता घरामागच्या शेडमध्ये अख्ख्या काउंटीच्या बंदुका दुरुस्त करतो. वय एकाहत्तर, दोन बोटं अर्धी. त्याने ओळखीवर दोन चॅसी चार दिवस बघायला मागवून घेतल्या आणि शेडमधल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

राखाडी होती ती पूर्ण धातूची. उचलली की मनगट भरून यावं एवढी जड. दुसरी काळी, हलकी. आतला कणा अ‍ॅल्युमिनियमचा, पण जिथे जिथे कातडी लागते तिथे, मुठीला, गालाखाली, पुढे हाताखाली, प्लास्टिकचं वेष्टण. मागचा भाग ओढून लांब करा, ढकलून आखूड करा. ट्रिनाने कोट-चिलखतासकट ती खांद्याला लावली, आणि पहिल्यांदाच मान न ताणता तिचा डोळा दुर्बिणीच्या मधोमध आला. ऑझी हसला.

"कपडे शिवून घेतल्यासारखं वाटलं ना? त्यावर जाऊ नकोस, पोरी. जड असते ती कमी उसळते. बाकावर ठेवून मारशील तर ती राखाडीच जिंकेल."

"मला बाकावर कोण ठेवतंय? मी बर्फात रांगत जाते."

"म्हणून तर म्हणतो, दोन्ही मारून बघ. आणि एक ध्यानात ठेव. चॅसी कुणाची बंदूक अचूक करत नाही. फक्त बिघडवायची थांबते."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी दोघं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेली. बरोबर लायल होता, ट्रिनाच्या जोडीचा डेप्युटी. ती बंदुकीमागे झोपली की तो शेजारी झोपून मोठ्या दुर्बिणीतून बघायचा. आठ वर्षांची जोडी. पारा शून्याखाली अठरा. वारा पश्चिमेचा, फार नाही, पण सुईसारखा.

राखाडीने अपेक्षेप्रमाणे चोख काम केलं. दहा गोळ्या, सगळ्या अंगठ्याने झाकता येतील एवढ्या जागेत. पण दहाव्या गोळीनंतर ट्रिनाने गाल काढला तेव्हा गालाची कातडी धातूला चिकटून सोलली, आणि लायलने तिला आरशात बघू नकोस असं सांगितलं. मग ऑझीने गाडीच्या आडोशाला बसून बंदूक राखाडीतून काढली, काळीत बसवली, आणि दाब मोजणाऱ्या पान्याने दोन्ही स्क्रू कटकन आवाज येईतो आवळले. चॅसी बदलली की नेम पहिल्यापासून जुळवावा लागतो. तीन गोळ्यांत तो जुळला. त्यानंतर शंभर यार्डांवरच्या कोऱ्या कागदावर ट्रिनाने पाच झाडल्या.

पहिल्या चार एकाच भोकात गेल्या. नाण्याने झाकता यावं एवढं भोक. पाचवी डावीकडे दोन इंच.

लायल दुर्बिणीतून बघत म्हणाला, "ही कुणाची?"

ट्रिनाला सांगता येईना. कधी कधी चाप ओढतानाच हाताला कळतं की चुकली. तेव्हा हात आपणहून कबूल करतो. यावेळी हात गप्प होता. वाऱ्याने डोळ्यात पाणी आलं होतं, हे खरं. सोललेला गाल पट्टीला लागून ठणकला असेल, हेही खरं. पण असंही असू शकत होतं की आत कुठेतरी लोखंड खोबणीत नीट बसलंच नाही, आणि दर पाच-सहा धक्क्यांनी ते केसभर सरकतंय. ऑझीने पाना लावून पाहिला. स्क्रू होते तसे घट्ट. मग नळीखालून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. कुठे अडली नाही.

"अजून पंधरा-वीस मार," तो म्हणाला. "मग कागदच सांगेल कुणाची ते."

तिने सहावी झाडली. ती जुन्या भोकात गेली. सातवी भरत असतानाच लायलचा फोन वाजला.

फोन शेरीफचा होता. धान्याच्या कोठारावर, जिथे ट्रक तोलतात त्या कचेरीत, व्हर्न टिबेट्स हरणाची बंदूक घेऊन शिरलाय आणि आतून दार लावलंय. आत त्याची बहीण पॉलेट आहे, ती तिथेच कामाला असते. बाहेर पडलेला ड्रायव्हर सांगतो की व्हर्नने बंदूक तिच्यावर रोखली होती. डेनी आईच्या शस्त्रक्रियेसाठी बिलिंग्जला गेलाय, शेजारच्या काउंटीच्या पथकाला या रस्त्यांवरून दीड तास लागेल. ट्रिनाने आहे तसं निघावं. आत्ता.

तिने एवढंच विचारलं की पाच मिनिटं मिळतील का. ओस्टबी म्हणाला की पाच मिनिटांनी पॉलेट जिवंत असेल असं लेखी देतेस का, आणि फोन ठेवला.

गाडीत तिच्या मांडीवर ती काळी चॅसी आडवी होती, आणि डोक्यात सारखा तो कागद फिरत होता. राखाडी परत चढवायची तर नेम पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ नाही. लायलकडची गस्तीची बंदूक जवळच्या कामाची, तिला धड दुर्बीणही नाही. म्हणजे जे आहे ते हेच. सहातल्या पाच.

व्हर्न टिबेट्सला ती ओळखत होती, जसं तिथे चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस ओळखायचं. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. ट्रिना पाच वर्षांची असल्यापासून बाराव्या वर्गापर्यंत रोज सकाळी त्याच्या मागे बसली होती. वादळाच्या दिवशी तो प्रत्येक मूल घराच्या दारात शिरेपर्यंत दिवे लावून थांबायचा. नोव्हेंबरात त्याची बायको गेली. डिसेंबरात त्याची बस गेली. पॉलेटनेच शाळेला फोन करून कळवलं होतं की माझा भाऊ जेवताना मध्येच थिजला, हाक मारली तरी ऐकेना, अशा माणसाच्या हाती मुलं देऊ नका. डॉक्टरांनी तपासलं, शाळेने किल्ल्या काढून घेतल्या. गावात निम्मे लोक म्हणत होते तिने बरोबर केलं, आणि निम्मे म्हणत होते सख्ख्या भावाचं असं कोण करतं.

कोठारासमोर सगळं मोकळं होतं. मधलं पटांगण, त्यापलीकडे रूळ, आणि रुळांच्या कडेला नांगरगाडीने लोटून ठेवलेला बर्फाचा लांब बांध. लपायला जागा काय ती तेवढीच. ओस्टबी एका धान्याच्या ट्रकमागे उभा होता, तोंडातून वाफ निघत होती. त्याने लेझरने मोजून ठेवलं होतं: बांधापासून खिडकीपर्यंत दोनशे दहा यार्ड.

"खिडकीत दिसतोय तो. पॉलेट त्याला लागून बसलीय. दोनशे दहा. होईल ना?"

ट्रिनाने त्याला सगळं सांगितलं. चॅसी नवी, चार भोकात, पाचवी डावीकडे दोन इंच, सहावी भोकात, कारण माहीत नाही. शंभरावर दोन इंच म्हणजे इथे चार इंचांहून जास्त. वरून खिडकीची काच, तीही गोळी वळवते.

ओस्टबीने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. तासाभरात त्याचा चेहरा पाच वर्षांनी म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "सहातल्या पाच. मला पाच चालतात."

"पॉलेटला चालतील का ते विचारा."

"ट्रिना, दुसरं कुणी नाही माझ्याकडे."

"माहितीये. पण मी तयार आहे असं तुम्ही धरून चालू नका. नेमाची बंदूक नाही असं समजून काय करायचं ते करा. मी झोपते तिथे, डोळे म्हणून. बघून सांगते."

शेजारी उभे असलेले दोन डेप्युटी बुटांकडे बघू लागले. अकरा वर्षं खात्याने हिला गोळ्या दिल्या, दिवसच्या दिवस सरावाला सोडलं, आणि नेमक्या वेळी ही हात वर करते, हे त्यांच्या मनात आलेलं ट्रिनाला दिसत होतं. तिच्याही मनात तेच होतं. कानाच्या पाळ्या थंडीतही तापल्या. एक शब्द, "होईल," म्हटला असता तर सगळे सुटले असते.

शेवटी ओस्टबी म्हणाला, "झोप जा. मी फोनवर बोलतो. पण त्याने नळी तिच्यावर टेकवली, तर मग सहातल्या पाच की तीन, तुझं तू ठरव. मी वरून हुकूम देणार नाही आणि अडवणारही नाही."

ती आणि लायल बांधामागून रांगत गेले. ट्रिनाने बर्फात कोपराने खाच केली, बंदुकीचे पुढचे दोन टेकू रोवले, चॅसी खांद्याला घेतली. मान सरळ, डोळा मधोमध. इतकी बसणारी बंदूक तिच्या हातात कधी आली नव्हती, आणि इतका अविश्वास तिला कुठल्या बंदुकीचा कधी वाटला नव्हता.

दुर्बिणीत खिडकी भरून आली. व्हर्न खुर्चीत, बंदूक मांडीवर आडवी. दाढी वाढलेली. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. पॉलेट त्याच्या उजवीकडे, म्हणजे ट्रिनाच्या बाजूने डावीकडे, इतकी जवळ की दोघांच्या डोक्यांत वीतभरही अंतर नव्हतं. पाचवी गोळी डावीकडेच गेली होती.

तिने बोट चापाबाहेर ठेवलं आणि वायरलेसवर दिसेल ते सांगायला सुरुवात केली. खिडकी दक्षिणेची, ऊन आत पडतंय. तो तिच्याकडे बघत नाहीये, जमिनीकडे बघतोय. तिचे हात मोकळे आहेत. टेबलावर कॉफीचे दोन पेले आहेत. तिने एकदा घोट घेतला.

कोठारातला फोन वाजला. व्हर्नने उचलला. ओस्टबी काय बोलतोय ते ट्रिनाला ऐकू येत नव्हतं, पण व्हर्नचे खांदे दिसत होते. ते वर चढले, आणि मग त्याने फोन आपटला. दुसऱ्यांदा वाजला, दुसऱ्यांदा आपटला. मध्ये दहा मिनिटं गेली. वारा बांधावरून बारीक बर्फ उडवत होता. लायलने तिच्या पायांवर आपला जाड मफलर टाकला. त्याने काही फरक पडला नाही.

मग ट्रिनाला काहीतरी वेगळं दिसलं. ती म्हणाली, "शेरीफ, पॉलेटच्या अंगावर त्याचा कोट आहे."

"काय?"

"खाकी कोट, लोकरी कॉलरचा. तो पॉलेटचा नाही. व्हर्न नुसत्या शर्टावर बसलाय. आतली शेगडी बंद पडली असेल. त्याने तिला स्वतःचा कोट दिलाय."

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा व्हर्नने तो आपटला नाही. नंतर कळलं की ओस्टबीने यावेळी बंदुकीचं नावच काढलं नव्हतं. आत थंडी फार आहे का, एवढंच विचारलं, आणि मग त्याच्या बायकोबद्दल. व्हर्न वीस मिनिटं ऐकत होता, मध्ये मध्ये बोलत होता, एकदा मनगटाने नाक पुसलं. ट्रिना एकेक हालचाल सांगत राहिली. सूर्य सरकला तशी काचेवर चकाकी आली, आणि तिला श्वास रोखून दोन चकाकींच्या मधून बघावं लागत होतं. बोटांतली जाणीव जात होती. ती एकेक बोट मुठीत दाबून परत आणत होती.

चाळिसाव्या मिनिटाला व्हर्नने फोन टेबलावर ठेवला आणि उठून उभा राहिला.

त्याने बंदूक उचलली. दोन्ही हातांत धरली. पॉलेटही त्याला लागूनच उठली. नळीचं तोंड टेबलावरून वर आलं, फिरलं, आणि तिच्या छातीवरून पुढे सरकायला लागलं.

"ट्रिना," लायल म्हणाला.

तिचं बोट चापावर होतं. ते कधी गेलं ते तिला कळलं नव्हतं. दुर्बिणीतली रेघ व्हर्नच्या कानाखाली. नियम अगदी सरळ होता: नळी माणसावर आली की गोळी. चापाचा पहिला सैलपणा संपला होता, उरलं होतं ते नखाएवढं. आणि ऐन त्या वेळी तिला पॉलेटचं डोकं दिसलं, डावीकडे, चार इंचांवर.

तिने झाडली नाही. एक श्वास थांबली. नंतर कितीही वेळा आठवून पाहिलं तरी तो श्वास केवढा होता हे तिला सांगता आलं नाही. लायल म्हणाला दोन सेकंद असतील.

त्या दोन सेकंदांत व्हर्नने बंदूक उलटी केली. नळी स्वतःच्या हातात धरली, दस्ता पुढे केला, दस्त्याने खिडकीची काच फोडली आणि बंदूक बाहेर भिरकावली. ती पटांगणातल्या बर्फात उभी रुतली. मग तो पुन्हा खुर्चीत बसला आणि पॉलेटने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ट्रिनाने चापावरचं बोट काढलं. सरळ होत नव्हतं म्हणून दुसऱ्या हाताने सरळ केलं. मग बाजूला वळून तिने बर्फात ओकारी काढली. लायलने तिच्याकडे बघितलं नाही. तो वायरलेसवर बोलत राहिला.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली, आणि झाली ती अशी की ट्रिना हॉगनने व्हर्नच्या डोळ्यांत बघून ओळखलं की तो मारणार नाही. दोनशे दहा यार्डांवरून, काचेतून, माणूस ओळखला. लायलने तसं सांगितलं नव्हतं, पण लोकांना तसंच ऐकायचं होतं. शेरीफलाही. दुसऱ्या दिवशी तिने अहवाल लिहून त्याच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तो वाचून त्याने चष्मा काढला.

तिने लिहिलं होतं की नळी पॉलेट टिबेट्सवर आली तेव्हा नियमाप्रमाणे गोळी झाडणं योग्य ठरलं असतं. मी झाडली नाही कारण बंदुकीची नवी चॅसी तपासून पूर्ण झालेली नव्हती आणि तिचा मला भरवसा नव्हता.

ओस्टबीने तिला दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाला की हे असं कागदावर गेलं तर उद्या कुणीही विचारेल, तपासलेली नाही ती बंदूक शेरीफने पाठवलीच कशी. त्याने सुचवलं की त्याऐवजी, संशयिताच्या हालचालींवरून धोका नाही असं माझं मत झालं, एवढं लिही. खोटं काय आहे त्यात? झालं तसंच ना?

"झालं तसं," ट्रिना म्हणाली. "पण माझं मत तसं नव्हतं. भरवशाची बंदूक असती तर व्हर्न आज मेलेला असता. माझ्या हातून."

"तुला शहाणी ठरवतायत लोक, ट्रिना. ठरू दे की."

"पुढच्या वेळी डेनी असेल तिथे, किंवा नवीन कुणी असेल. त्याला वाटेल की आपल्यालाही असं दोनशे यार्डांवरून ओळखता आलं पाहिजे. ते येत नाही कुणाला."

शेरीफने त्या दिवशी सही केली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी कागद सहीसकट तिच्या खणात आला, आणि खाली त्याच्या अक्षरात एक ओळ होती: यापुढे कुठलीही बंदूक, दस्ता किंवा चॅसी बदलल्यावर, चाळीस गोळ्या झाल्याशिवाय कामावर येणार नाही.

खाणीत ती शनिवारीच जाऊन आली होती. ऑझीबरोबर, त्याच काळ्या चॅसीसह, स्क्रूला हात न लावता. थंड नळीने पहिली गोळी, मग वीस, मग आणखी वीस. एकही बाहेर गेली नाही. ऑझीने बंदूक उकलून खोबणीतली धातूची झळाळी भिंगाखाली पाहिली. कुठे घासल्याची खूण नव्हती. चॅसी पहिल्यापासून निर्दोष होती. म्हणजे गुरुवारी तिने झाडली असती तर गोळी रेघेवरच गेली असती. निदान काचेपर्यंत तरी.

"मग पाचवी तुझी होती," ऑझी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"माझी होती."

"कोणती ठेवायची?"

तिने काळी ठेवली. ओस्टबीने राखाडीचा विषय पुन्हा काढला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्ते चिखलाचे झाले तेव्हा एका दुपारी ती हमरस्त्यावरच्या खाणावळीत शिरली, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून पॉलेट टिबेट्सने हात केला. त्या दिवसानंतर दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या. पॉलेट म्हणाली बस, आणि न विचारताच रूबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीचे दोन तुकडे मागवले. व्हर्न सरकारी दवाखान्यात होता. औषधांनी ते थिजणं थांबलं होतं. खटल्याचं काय ते उन्हाळ्यात ठरणार होतं. ती दर रविवारी दोन तास गाडी चालवून त्याला भेटून येत होती. पहिले तीन रविवार तो बोलला नव्हता.

मग तिने काटा खाली ठेवला. "तुला सांगायचं होतं. सगळे म्हणतात तुला कळलं होतं तो काही करणार नाही म्हणून. मला कळलं नव्हतं. मी शेजारीच होते, मला वाटलं संपलं. तुला कसं कळलं?"

ट्रिनाला वाटलं, मान हलवावी आणि पेस्ट्री खावी. ही बाई तेवढ्यावर समाधानाने घरी जाईल.

"नाही कळलं," ती म्हणाली. "मी चाप अर्धा ओढला होता, पॉलेट. बंदुकीचा सांगाडा नवा होता, आणि सकाळी एक गोळी डावीकडे गेली होती. तुझ्या बाजूला. म्हणून थांबले. दुसरं काही नाही."

खाणावळीची मालकीण कॉफी ओतून गेली. ट्रिनाने उठायच्या बेताने कोट हातात घेतला.

"बस," पॉलेट म्हणाली. "मी शाळेला फोन केला ना, तेव्हा मी त्याला तसं एकदाच पाहिलं होतं. एकदाच. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला. मी त्यांना सांगितलं, बरेचदा होतं."

"डॉक्टरांनी तर तपासलं."

"तपासलं. आणि निघालं. पण ते मला फोन करताना ठाऊक नव्हतं." तिने कपातली कॉफी ढवळली, त्यात साखर घातलेली नव्हती. "हे मी अजून कुणाला सांगितलं नाही. व्हर्नलाही नाही."

"सांगणार आहेस?"

"रविवारी सांगेन म्हणते. गाडी चालवताना दरवेळी ठरवते." तिने कप बाजूला सारला. "तू येशील? आत नको. गाडीत बसून राहा नुसती."

ट्रिनाने विचार केला. त्या माणसाच्या कानाखाली रेघ धरून ती पाऊण तास पडून होती, हे त्याला माहीत असणार. तिने कोट पुन्हा खुर्चीच्या पाठीला लावला आणि कितीला निघायचं ते विचारलं. पॉलेट म्हणाली साडेसातला, चर्च चुकेल तुझं. ट्रिना म्हणाली, चुकू दे.